एका बारात दोन हंस

नाही गं, अशी नाही—उलटी घाल. डहाळी ज्या बाजूला वाकते ती बाजू खाली, आणि देठ पुढच्या डहाळीखाली लपलं पाहिजे, नाहीतर बसणाऱ्याच्या बुडाला टोचतं आणि शिव्या मला बसतात—मास्तरीणबाईंना कोण शिव्या देणार? हां, आता जमलं. कोपऱ्यापासून सुरू कर, दाराकडे येत ये. घाई नको करूस, संध्याकाळपर्यंत वेळ आहे आपल्याला—उद्या पहाटे माणसं येतील तेव्हा जमीन अशी मऊ लागली पाहिजे की म्हाताऱ्यांना उठावंसं वाटू नये. ताजा स्प्रूस आहे, सकाळीच चार्लीननं तोडून आणला—माझी सून गं, तिलाच तर तू काल विचारत होतीस, आजींना मदत करू का म्हणून, आणि ती म्हणाली, करा, पण आजी बोलून बोलून जीव खातील. म्हणाली की नाही? मला सगळं ऐकू येतं. गुडघे गेलेत माझे, कान नाही.

इलायजाचे, माझ्या नातवाचे, पाय पाहिलेस? अकरा महिन्यांचा आहे, आणि गेले तीन आठवडे हे कार्टं तंबूभर धावतंय—स्टोव्हपाशी जातंय, पाण्याच्या पिंपात हात घालतंय, मला एक मिनिट बूड टेकू देत नाही—पण दाराबाहेर त्याचं एक पाऊल पडलेलं नाही. ज्याला बाहेर न्यायचं असेल त्यानं उचलून न्यायचं. उद्या सूर्य वर आला की हे दार उघडायचं, समोर डहाळ्यांची वाट, वाटेच्या टोकाला ते झाड रोवलंय ना, त्याला फेरी मारायची आणि परत आत—खांद्यावर लाकडाची इवलीशी बंदूक, मागे ओढायला एक हंस—आणि आत बसलेल्या जाणत्यांनी त्याला जवळ घ्यायचं, की आला बाबा आमचा शिकारी. त्याआधी उघड्या जमिनीला पाय लागू द्यायचा नाही. का म्हणजे? का काय, तसं असतं. माझ्या आजीनं मला कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जमिनीशी ओळख करून द्यायची असते, चारचौघांत, नीट. बस्स. ती डहाळी टाकून दे, सुकलीये.

काय म्हणालीस? वापिकुन? हो... हो, तिनंच धरायचंय भावाचं बोट. ठरलं होतं तसं. चार्लीननं तिच्यासाठी नवा घागरा शिवलाय, मी चामड्याचे जोडे, मोकासिन, शिवलेत, मणी लावून—सगळं तयार आहे—तू घाल ना डहाळ्या, हात का थांबवलास?

नाही यायची म्हणते ती. आज दुपारपासून. सकाळपर्यंत हो-हो करत होती आणि आता म्हणते, कूकुम—आजीला कूकुमच म्हणतात ना आमची पोरं—मी आतच थांबते, तू धर त्याचं बोट. मी! मला इथून उठायला दोन माणसं लागतात.

तुझ्या वर्गात चांगली असते ना? असणारच. शाळेला छप्पर आहे. गावात घरातून गाडीत, गाडीतून शाळेत, शाळेतून गाडीत—कुणाला कळणार? पण इकडे समुद्राकाठी हंसांच्या शिकारीच्या तळावर आणलं की ही तंबूच्या बाहेर पडत नाही. येत्या जूनमध्ये सात वर्षांची होईल घोडी, आणि शू करायला जायचं तर आईच्या कडेवर, तोंड तिच्या खांद्यात खुपसून. वरून थवा ओरडत गेला की पांघरुणात. तिची चुलत भावंडं दिवसभर किनाऱ्यावर चिखलात लोळतात, आणि ही दाराच्या फटीतून बघत बसते. ती वात्रट पोरं तिला 'उशी' म्हणतात. उशी! आत असते म्हणून. मी एकाचा कान असा पिळलाय, लालच झाला होता दोन दिवस.

लोक म्हणतात, आईनं लाडावून ठेवली. चार्लीन तेव्हा मॉन्ट्रियलला नर्सिंगचं शिकत होती ना—नवव्या मजल्यावर घर, खाली बघितलं की माणसं मुंग्यांएवढी—पोर तिथे जन्मली, तिथेच रांगली. लोक म्हणतात, लिफ्टमध्ये वाढलेली पोर, तिला रान कसं सोसणार? म्हणतात लोक. लोकांचं काय. साखर दे गं जरा, चहा निवून चाललाय. तू घेतलास ना? डब्यातलं दूध आहे, घाल भरपूर, इथे कुणी हात धरणार नाही.

पण माझा भाऊ एबल ऐकणाऱ्यातला नाही. तो बाहेर बादलीवर बसलेला म्हातारा—टोपी उलटी घातलेला, हां, तोच. आमच्या तळावर केव्हा बार काढायचा आणि केव्हा नाही ते तो ठरवतो. वारा पडला असेल तर एबल मान हलवतो आणि चाळीस वर्षांची बापये मंडळी गुपचूप पत्ते खेळत बसतात. तर या वर्षी आल्या आल्या त्यानं काय केलं, तर ती बादली उपडी घातली ह्या दाराच्या बाहेर, अगदी चिकटून, आणि बसला तोंड पलीकडे करून. आणि हंसासारखा ओरडला. एकदाच. मग चूप. आता आतून काय यावं? आतून ही पोर ओरडली! अगं, असा आवाज—मी साठ वर्षं हंस बोलावतेय, पण माझ्या अंगावर काटा आला. पांघरुणात बसून शिकली होती सगळं—नराचा वेगळा, मादीचा वेगळा, उतरू का विचारणारा वेगळा. एबल म्हणाला, पाहुणे आलेत वाटतं आत. ती म्हणाली, जूमशूम, तुझा आवाज फुटका आहे. जूमशूम, आजोबा म्हणायचं, आणि वर म्हणायचं, फुटका! तो इतका हसला की बादलीवरून पडायचा राहिला.

मग रोज तेच. रोज बादली हातभर लांब. ये म्हणाला नाही, भिऊ नकोस म्हणाला नाही—आमच्यात तसं ढकलत नाहीत पोरांना—नुसता बसायचा, ओरडायचा, आणि ती लांबून ऐकू यावं म्हणून दाराकडे सरकायची. पाचव्या दिवशी तिचं नाक बाहेर. आठव्या दिवशी एक पाय. चार्लीन दोघांना चहा द्यायची, त्याचा बाहेर, तिचा उंबऱ्यावर. बाकी आम्ही सगळे असे वागायचो जणू काही चाललंच नाहीये—माझा मुलगा क्लिफर्ड बर्फावरच्या गाडीचं, स्कीडूचं, इंजिन उघडून बसायचा, बिघडलेलं नसताना! आणि आज, मास्तरीणबाई, आज दुपारी बादली लाकडाच्या ढिगाच्याही पलीकडे होती आणि ही पोर दारातून निघाली आणि चालत गेली. एकटी. मोजली मी पावलं, सव्वीस. जाऊन त्याच्या मांडीवर बसली. वरून थवा गेला तेव्हा तिनं त्याची बाही धरली, पण डोकं नाही लपवलं—वर बघितलं. चार्लीन इथे उभी होती, तू उभी आहेस तिथे, तोंडावर दोन्ही हात घेऊन, आणि खांदे हलत होते तिचे.

तेवढ्यावर थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पोरं ती पोरं. तिथे बसून त्याला विचारते, जूमशूम, मी का भीत होते? आणि हा म्हातारा काय म्हणावा—म्हणाला, तुझ्या कूकुमला विचार.

आली ना मग. सव्वीस पावलं परत, धावत, गाल लाल—कूकुम, कूकुम, मी का भीत होते? मी हंस सोलत होते. मान वर केली नाही मी. म्हटलं, काही पोरं असतातच भित्री, बाळा, मोठी झालीस की जाईल.  तर ती म्हणाली, म्हणजे मीच तशी आहे. विचारलंसुद्धा नाही तिनं, नुसतं म्हणाली. आणि जाऊन पांघरुणात शिरली. ह्या डहाळ्यांसाठी तंबू रिकामा करताना चार्लीननं तिला पांघरुणासकट उचलून लहान तंबूत नेली. मग चार्लीन घागरा घालून बघायला बोलवायला गेली, तर म्हणाली, नको. भित्र्या बहिणीनं बोट धरलं तर इलायजापण भित्रा होईल.

असं म्हणाली. सहा वर्षांची—सात नाही झाली अजून.

आता माझ्याकडे काय बघतेस? मला काय ठाऊक असणार? एबल बोलतो काहीही, म्हातारा झालाय. आणि त्या आडोशातून त्याला दिसलंही नसेल धड—मध्ये केवढी झुडपं होती—

कुठला आडोसा? कुठलाच नाही. डहाळ्या घाल.

तू शिकवत असताना एखादं पोर गप्प बसलं की तूही अशीच गप्प बसतेस का गं? चांगली युक्ती आहे. वाईट खोड आहे.

ऐक मग. नाहीतरी तू परकी, जूनमध्ये विमानात बसून तुझ्या गावाला जाशील—तुला सांगितलं तर हवेला सांगितल्यासारखं. तू काल रात्रीच्या जेवणाला ऐकलंस ना क्लिफर्डनं सांगितलेलं—आमच्या आईनं एका बारात दोन हंस पाडले ती गोष्ट? दर वर्षी सांगतो. दर वर्षी हंस आणखी उंचावरून जातात आणि वारा आणखी जोराचा होतो. सगळे टाळ्या पिटतात, आणि मी हात हलवून म्हणते, पुरे रे, पुरे. माझा नवरा तर मरेपर्यंत सांगत होता—त्यानंतरच्याच हिवाळ्यात गेला तो—दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना नर्सला सांगत होता, ही माझी बायको, हिनं एका बारात दोन पाडले. त्या गोष्टीत एक पोर होतं. ते कुणी सांगत नाही, कारण कुणाला ठाऊकच नाही. एबल सोडून.

सहा वर्षं झाली. वापिकुन इलायजाएवढी होती, अकरा महिन्यांची, अशीच तंबूभर धावणारी, आणि आठ दिवसांनी तिचा सोहळा होता. चार्लीनला ताप होता. म्हटलं, झोप तू, मी हिला पाठीला बांधते आणि डहाळ्या आणते. खरंच डहाळ्याच आणायला गेले होते गं, शप्पथ. माझ्या नवऱ्याचा शिकारीला लपून बसायचा आडोसा वाटेतच होता, तो चहाला आला होता, बंदूक तिथेच, काडतुसं बाजूला पिशवीत. आणि थवा आला. खाली, इतका खाली की पंखांचा आवाज ऐकू येत होता, गळ्याखालचं पांढरं दिसत होतं—तू नाही शिकार केलेली, तुला नाही कळायचं. अंगातलं सगळं रक्त हातात येतं. मी पोरीला पाठीवरून सोडली आणि खाली ठेवली.

खाली म्हणजे जमिनीवर. चिखल आणि पाणी झालेला बर्फ. पायात नुसते लोकरीचे मोजे.

शाल माझ्या खांद्यावरच होती. ती पसरायला किती वेळ लागतो? फेकली असती तरी चाललं असतं. पुष्कळदा मी हा हिशोब घालते—शाल पसरली असती तर काय, हंस गेले असते, एवढंच ना? जाऊ देत. दुसरे आले असते. हंस काय संपलेत? पण नाही पसरली. आणि तिच्या डोक्यावरून बार काढला. दोन पडले. एक जागच्या जागी मेला, आणि दुसरा, पंख तुटलेला, धप्पकन तिच्या शेजारी—तिच्याएवढा पक्षी, पंख आपटतोय, फिस्कारतोय, चिखल उडतोय तिच्या तोंडावर. ती उठून उभी राहिली. तोंड उघडं आणि आवाज नाही, पोरं श्वास विसरतात ना तसं. आणि दोन्ही हात पुढे करून चालत निघाली—माझ्याकडे. चार पावलं. ती तिची पहिली पावलं गं, उघड्या आभाळाखालची, आणि ती माझ्याकडे होती, आणि मी काय करत होते? मी वर बघत दुसरं काडतूस भरत होते.

मग पडली आणि मग किंचाळली.

नको, पाणी नको. बस खाली.

मोजे पिळले मी. स्टोव्हवर वाळवले. चार्लीननं विचारलं, हे ओले कसे? म्हटलं, चहा सांडला. तेवढ्यात नवरा आला, हंस बघितले, आरडाओरडा केला, सगळा तळ गोळा झाला—हॅरिएटनं एका बारात दोन पाडले!—आणि मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं लोकांनी. मी हसले. त्या गर्दीत पोर आईच्या कडेवर थरथरत होती आणि चार्लीन म्हणत होती, माझा ताप हिलाही आला वाटतं.

आठ दिवसांनी सोहळा. दार उघडलं, सूर्य आला, पोरीला सुंदर कपडे घातलेले, हातात छोटी कुऱ्हाड—आणि दारात पोहोचली आणि जी काही किंचाळायला लागली! जमिनीला पाय टेकवेना. गुडघे पोटाशी घेऊन लोंबकळली. सगळे बघतायत. शेवटी चार्लीननं तिला उचलली आणि कडेवर घेऊन झाडाला फेरी मारली—असं कुणी करत नाही, आमच्यात कुणी कधी केलेलं नाही—आणि ती रडत होती, आई, पोरीपेक्षा जास्त. आत आली तर म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. आणि मग कुणीतरी म्हणालं, शहरात वाढवलं की असंच होतं.

कुणीतरी नाही. मी. मी म्हणाले.

तिच्या तोंडावर. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, कारण कुणीतरी दुसरं काही विचारायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं मला. आणि ते वाक्य मग गावभर गेलं, आणि सहा वर्षं माझ्या सुनेच्या पाठीवर बसलंय. तिनं नर्सिंग अर्ध्यावर सोडलं—ठाऊक आहे तुला? परत आली ती, पोरीला रानाची सवय व्हावी म्हणून. मला म्हणाली, चूक माझीच होती, कूकुम, मी सुधारते. आणि मी म्हटलं, बरं. नुसतं 'बरं' म्हटलं. ती आजही पहिला चहा मला आणून देते. हंसाची चरबी जिथे छान लागलेली असते तो तुकडा माझ्या ताटात घालते. मी खाते. काय करू, खाते.

तू म्हणशील, एक पाय जमिनीला लागल्यानं काय होतं? तुम्ही शिकलेली माणसं. मलाही नाही माहीत काय होतं. पाय लागल्यामुळे भ्याली, की बारामुळे, की त्या पक्ष्यामुळे, की मी वर बघत होते म्हणून—मी सहा वर्षं विचार करतेय आणि प्रत्येक वेळी मला तेच चौथं कारण खरं वाटतं. पण भ्याली ती कारणानं. जातीची भित्री नाही ती. ती तर भीतीनं अर्धमेली असतानाही माझ्याकडेच चालत आली होती!

आणि एबलनं बघितलं होतं. शेजारच्या आडोशात होता तो. एक शब्द नाही बोलला कधी. मी समजत होते, झुडपं होती मध्ये, नसेल दिसलं. आज कळलं. सहा वर्षं तो माझी वाट बघत होता, जशी त्या पोरीची बघितली तशी—बोलला नाही, ढकललं नाही. आणि आज दुपारी पोरीनं सव्वीस पावलं टाकली म्हणून म्हणाला असेल, आता हिच्या कूकुमचंही बघू. आणि मी काय केलं? त्याची वीस दिवसांची मेहनत एका वाक्यात मातीत घातली, हंस सोलता सोलता. पुन्हा तेच. पुन्हा मान वर नाही केली.

उद्या ती आतच बसली ना, तर जन्मभर आतच बसेल. आणि इलायजा जाईल बाहेर, सगळे टाळ्या वाजवतील, आणि ती फटीतून बघेल आणि म्हणेल, तो तसा आहे आणि मी अशी आहे.

काय म्हणतेस? चार्लीनला तू सांगू? तू कशाला सांगशील? शहाणीच आहेस. ते काय तुझं आहे सांगायला? आणि तिला तर सांगायचंच आहे, आजच, आणि रात्री जेवताना क्लिफर्ड गोष्ट सुरू करेल तेव्हा त्यालाही थांबवायचंय, सगळ्यांसमोर, जसं सगळ्यांसमोर ते वाक्य बोलले तसं. पण आधी पोरीला. आधी तिला सांगायचं, की तू भित्री नव्हतीस, तुला भ्यायला कारण होतं आणि ते कारण तुझी कूकुम. मग ती माझ्याशी बोलो न बोलो. चार्लीन माझं तोंड बघो न बघो. उद्या हिनं बाहेर पडलं पाहिजे.

हाक मारू? नको. हाक मारून तिला बोलवायचं म्हणजे पुन्हा तीच चालत येणार माझ्याकडे. कुठे आहे ती, पलीकडच्या लहान तंबूत ना? किती लांब असेल? असू दे. दे, हात दे मला. अगं, नीट ओढ, मी काय काचेची आहे? हां. थांब जरा. आता दुसरा गुडघा. झालं. उभी राहिले.

आता सोड. सोड म्हणते ना हात. तू इथेच राहा, आणि माझ्या मागे येऊ नकोस.